मुंग्यांचं दुसरं दार

पार्वताबाईंचं जगात कुणाशी वैर नव्हतं, एक मुंग्या सोडल्या तर. शेजारणीशी कडाक्याचं भांडण झालं तरी दिवस मावळायच्या आत वाटीभर कढी इकडून तिकडे जाई आणि ते मिटे. मुंग्यांशी मात्र त्यांनी उभ्या जन्मात तह केला नाही. नवी नवरी होऊन हिवरखेडला आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातून गुळाच्या भेलीवरचं झाकण उघडं राहिलं. भेलीला मुंग्या लागल्या आणि सासूनं साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात नव्या सुनेची कानउघाडणी केली. सासू जाऊन जमाना झाला, पण मुंग्यांवरचा राग काही गेला नाही. मुलगा बंडू यानं अकोल्यात डाबकी रोडला घर बांधलं, शेती ठोक्यानं कसायला देऊन म्हातारा-म्हातारी तिथं राहायला आले, आणि पार्वताबाईंनी पहिल्या दिवशी काय केलं असेल, तर स्वयंपाकघराचा उंबरा, ओटा, फ्रिजचे पाय, सगळीकडे मुंग्या मारायच्या खडूनं रेघा ओढल्या. साखरेचा डबा त्यांच्या राज्यात पाण्याच्या परातीत उभा असे.

आणि याच घरातून त्यांचे यजमान नत्थुजी दर शनिवारी कणीक-साखर कालवून निघत आणि मारुतीच्या देवळामागच्या पिंपळाखाली मुंग्यांना घालून येत. कुण्या ज्योतिषानं कधीकाळी सांगितलं होतं, ते त्यांनी अंगाला लावून घेतलं ते कायमचं. विशेष म्हणजे ती कणीक-साखर स्वतः पार्वताबाई बांधून देत, तीही तूप घालून.

सून रागिणी एकदा हसून म्हणाली, “आई, म्हणजे घरात मारायच्या अन् बाहेर चारायच्या?”

“बाहेरच्या मुंग्या देवाच्या हायत,” पार्वताबाई म्हणाल्या. “घरातल्या माह्या साखरेच्या वैरी हायत. दोघीत फरक हाय.”

रागिणी शाळेत शिकवायची, पण हा फरक तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

तर अशा या घरात ओजल नावाची नात होती. एकुलती, आणि डोक्यानं जरा सुटलेलीच. या पोरीला दरवर्षी कसलं ना कसलं वेड लागायचं. रागिणीनं एक नियमच करून टाकला होता: त्या वर्षी पोरीला ज्याचं वेड, त्याचाच वाढदिवस करायचा. चौथ्या वर्षी जेसीबी. बंडूचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, त्यामुळे ड्रायव्हर मंडळी सगळी ओळखीची. त्यानं खराखुरा पिवळाधमक जेसीबी फाटकासमोर आणून उभा केला. गल्लीतली झाडून सारी पोरं त्याच्या पंजात बसली, ड्रायव्हरलाही जोर आला, त्यानं पंजा उचलताना नालीवरची फरशीसुद्धा उचलली. ती फरशी आजही पाय ठेवला की डुगडुगते आणि तो वाढदिवस सगळ्यांना आठवतो. मग एक वर्ष माशांचं गेलं. मग कुलुपांचं. त्या वर्षी पाहुण्यांना सांगितलं होतं की भेट म्हणून घरातलं जुनं कुलूप आणा, आणि किल्ली असेल तर उत्तमच. ऐन केक कापायच्या वेळी नत्थुजी संडासात अडकले, कारण बाहेरून लावलेल्या कुलुपाची किल्ली कोणती, हे कुलूप लावणारीलाच आठवेना. त्यांनी आतूनच टाळ्या वाजवून गाणं म्हटलं. पुढं काही दिवस घरातलं प्रत्येक माणूस आत जाताना ओजल कुठं आहे ते बघून जाई.

वेड कोणतंही असो, केकच्या आधी ओवाळणं, आणि ओवाळायचा मान पार्वताबाईंचा. त्या कणकेचे दिवे करत, जितवं वर्ष तितके. ताटात गर्दी व्हायला लागली होती, पण पोरीला ती गर्दीच आवडे. पाटावर बसली की ती आधी दिवे मोजून घ्यायची, बरोबर भरले की कपाळ पुढं करायची आणि फर्मान सोडायची, “हं, आजी, लाव.” वर्षभरात पार्वताबाईंना कुणी असं हक्कानं काही फर्मावत नसे. त्यांना ते ऐकायला फार गोड लागे.

यंदा नववं वर्ष, आणि वेड लागलं होतं मुंग्यांचं.

पार्वताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. दुनियेत दुसरं काही उरलं नव्हतं का? पण वेडाला कोण विचारतो. घराच्या कडेला पेरूच्या झाडाखाली काळ्या मुंग्यांचं एक घर होतं. बिळाभोवती त्यांनी फोलपटांचं गोल कडं रचलं होतं. शाळेतून आली की ओजल तिथं पालथी पडायची. बापानं दिलेलं भिंग डोळ्याला लावायची आणि तासभर हलायची नाही. तिनं त्यांना तीळ घालून पाहिले, बाजरी घालून पाहिली, शेवटी ठरवलं की त्यांना राजगिरा सगळ्यात जास्त आवडतो. कोण दाणे आणतं, कोण फोलपट बाहेर टाकतं, सगळं तिला पाठ. रोज संध्याकाळी पार्वताबाई तांदूळ निवडत बसल्या की ती शेजारी येऊन दिवसभराची बातमी द्यायची, आणि पार्वताबाई मान खाली घालून “हो, हो” करायच्या.

“आजी, त्यायची राणी कधीच बाहेर येत नाई. ते आतच बसून राह्यते अन् घर चालवते.”

“माह्यासारखीच हाय म्हन,” पार्वताबाई म्हणाल्या आणि एक खडा वेचून टाकला.

रागिणीनं बेत ठरवला. रविवारी चार वाजता मैत्रिणी येणार, आधी सगळ्यांनी पेरूखाली बसून मुंग्यांना जेवू घालायचं, भिंगातून बघायचं, मग केक. केकवाल्याला वर काळ्या मुंग्या काढ म्हटल्यावर त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. ओजलनं आपल्या हातानं पत्रिका लिहिल्या, “आमच्या घरी खूप पाहुणे आधीच आले आहेत, तुम्ही पण या.” शेजारच्या गल्लीतली तिची खास मैत्रीण दीक्षा तर तेव्हापासून रोज विचारत होती की रविवारला किती दिवस राहिले.

इथवर सारं ठीक होतं. पण त्या रविवारी अमरावतीहून विहीणबाईही येणार होत्या.

मनकर्णाबाई, म्हणजे रागिणीच्या आई, राजापेठेत राहायच्या. त्यांच्या घरातल्या फरशीवर भात वाढून जेवावं, इतकं त्यांचं घर लख्ख. मागच्या दिवाळीला त्या आल्या आणि पार्वताबाईंनी केलेल्या चहात नेमकी एक मुंगी तरंगली. मनकर्णाबाईंनी आरडाओरडा केला नाही. बोटाच्या टोकानं मुंगी काढली, बशीच्या काठावर ठेवली आणि गोड हसून म्हणाल्या, “असू द्या, मुंगी खाल्ली की डोळे चांगले होतात म्हणतात.”

हे वाक्य पार्वताबाईंच्या काळजात रुतून बसलं होतं. शिवी दिली असती तर त्यांनी दिली तशी परत केली असती. पण गोड हसण्याला काय परत करणार?

म्हणून शुक्रवारी घरात कुणी नाही असं बघून त्यांनी पदर खोचला. घर झाडलं, जाळ्या काढल्या, देवघरातली भांडी चिंचेनं घासली. मग मोठ्या गंजात पाणी उकळायला ठेवलं. पेरूखालची मुंग्यांची रांग फरशीवरून थेट पायरीपर्यंत आलेली त्यांनी सकाळीच हेरली होती. ओजलचा मुंग्यांचा वाढदिवस त्यांना माहीत होता, नाही असं नाही. पण मुंग्यांचा वाढदिवस म्हणजे केकवर मुंग्या, फुग्यावर मुंग्या, असंच त्यांनी धरलं होतं. खऱ्या मुंग्यांना कुणी वाढदिवसाला बोलावतं का? जेसीबीच्या वर्षी खरा जेसीबी आला होता हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. पण डोळ्यापुढं बशीच्या काठावरची ती मुंगी होती, दुसरं काही नव्हतं. त्यांनी गंजभर उकळतं पाणी बिळात ओतलं, वरून पांढरी पावडर भुरकली, फोलपटं झाडून काढली आणि तिथं शेणाचा छान सडा घातला. अंगण कसं लग्नघरासारखं झालं. कमरेवर हात ठेवून त्यांनी ते पाहिलं आणि मनातल्या मनात म्हणाल्या, या आता विहीणबाई.

संध्याकाळी ओजल आली. दप्तर पायरीवर टाकून रोजच्यासारखी पेरूकडे गेली आणि तिथंच उभी राहिली.  मग ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

“आजी, तिथं काय टाकलं?”

“गरम पानी. अन् थोडीशी पावडर,” पार्वताबाई सांगत होत्या, अजून त्यांच्या आवाजात शाबासकीची वाट बघणं होतं. “तुयी अमरावतीची आजी येऊन राह्यली ना. अंगन पाह्यलं काय कसं झालं?”

पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. पार्वताबाईंना रडणं थांबवता येत होतं, त्यासाठी डब्यात गुळपापडी असे. पण ओजल रडली नाही. रागिणी घरी आल्यावर ती तिला एवढंच म्हणाली, “मम्मी, मले वाढदिवस नाई करायचा.”

रागिणीनं समजावलं, बंडूनं समजावलं. केक सांगितला आहे, मैत्रिणी येणार, अमरावतीचे आजी-आबा येणार. ओजलनं सगळं ऐकून घेतलं.

“मंग करा,” ती म्हणाली. “पण आजीनं ओवाळायचं नाई.”

पार्वताबाई पलीकडे भाकरी थापत होत्या. त्यांनी ते ऐकलं. हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच दुमडली.

आधी त्यांना राग आला. असा आला की तळपायाची आग मस्तकात गेली. “आयकलं काय?” त्यांनी नत्थुजींना ऐकवलं. “मुंग्याइसाठी आजीले सोडून राह्यली हे पोट्टी! न्हाऊ म्या घातलं, झोके म्या देल्ले, अन् माह्यापेक्षा मुंग्या मोठ्या झाल्या!”

नत्थुजींनी घास गिळला आणि शांतपणे म्हणाले, “तू माह्या शनवारच्या मुंग्याइवर पानी टाकलं असतं, तं मीबी जेवलो नसतो.”

“तुमी गप जेवा.”

त्या रात्री ओजलनं आपली उशी आजीच्या पलंगावरून उचलली आणि आईच्या खोलीत नेली. चार वर्षांची असल्यापासून ती आजीजवळ झोपत होती.

शनिवारी सकाळी पार्वताबाई सडा टाकायला बाहेर आल्या तर ओजल पेरूखाली उकिडवी बसलेली. चिखलातल्या मेलेल्या मुंग्या ती काडीनं एकेक उचलत होती आणि पेरूच्या पानावर घेऊन पायरीवरच्या उन्हात ठेवत होती. पायरीवर अशी बरीच पानं मांडून झाली होती. पाण्यात भिजलेली मुंगी उन्हात वाळली की कधी कधी उठते, हे तिला ठाऊक होतं. साध्या पाण्यात भिजलेली. उकळत्या पाण्याचं तिला ठाऊक नसावं, किंवा असूनही ती करून बघत असावी. पार्वताबाई बादली हातात घेऊन दाराआड उभ्या राहिल्या. एकही मुंगी उठली नाही. पोरीनं तरी पुढचं पान मांडलं.

आता मात्र पार्वताबाईंनी हातातली बादली खाली ठेवली. राग कुठल्या कुठे गेला. ही पोर रोज संध्याकाळी आपल्याला एवढं काय काय सांगत होती आणि आपण एकदाही मान वर करून पाहिलं नाही, हे त्यांना त्या दाराआड उभ्या उभ्या कळलं, आणि फार वाईट वाटलं.

नत्थुजी कणीक-साखर घेऊन निघाले तशा त्या म्हणाल्या, “थांबा, मीबी येतो.”

नत्थुजी थांबले ते आश्चर्यानं. इतक्या वर्षांत बाई देवळामागं कधी आली नव्हती.

त्या दिवशी मारुतीच्या देवळात आलेल्या मंडळींनी एक अपूर्व दृश्य पाहिलं. पिंपळाखाली पार्वताबाई स्टीलचा डबा आडवा धरून बसल्या होत्या, डब्यात अख्खा पेढा, आणि त्या मुंग्यांना आर्जवं करत होत्या, “चाला वं बायाहो, चाला, आत या इकडं.” शेजारची वच्छला प्रदक्षिणा घालता घालता थबकली.

“काय करून राह्यल्या, काकू?”

“मुंग्या भरून राह्यली,” पार्वताबाई म्हणाल्या. जणू दळण आणायला आल्या होत्या.

झाकणाला भोकं पाडलेला तो डबा त्यांनी मांडीवर घेऊन रिक्षानं घरी आणला आणि पेरूखाली उघडला. मुंग्या निघाल्या त्या चहूकडे पांगल्या. काही झाडावर, काही भिंतीवर, आणि बऱ्याचशा पार्वताबाईंच्या हातावरून कोपरापर्यंत. त्यांनी दात-ओठ आवळले, पण एकीलाही झटकलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्या मुंगीला चावू देत होत्या.

ओजल दारातल्या पायरीवर बसून हे बघत होती. कालपासून ती आजीशी अक्षर बोलली नव्हती. पण चुकीचं चाललेलं तिला बघवत नसे, हा तिचा जुना स्वभाव.

“तशा नाई राहत त्या,” ती म्हणाली.

पार्वताबाईंनी मान वर केली. “मंग कशा राह्यतात?”

“राणी लागते. ह्या दुसऱ्या गावच्या हायत. आता त्यायले घर नाई सापडनार.”

म्हणजे आणखी एक चूक झाली. पार्वताबाईंनी डब्यातला पेढा निमूटपणे झाडाच्या बुंध्याशी ठेवला. मग हळूच विचारलं, “अन् आपली राणी वं? तिचं काय झालं असन?”

ओजलनं आजीकडे वळून पाहिलं. ‘आपली’ हा शब्द तिनं आजीच्या तोंडून या बाबतीत पहिल्यांदाच ऐकला होता.

“माहीत नाई. ते लय खाली असते. पानी तिथलोग गेलं नसन तं जित्ती असन.”

“समजन कसं?”

“त्यायले दुसरं दार असते. मले ते कधी सापडलंच नाई. राणी असन तं बाकीच्या तिकून निघतीन. नसन तं नाई निघनार.” एवढं बोलून ती उठली आणि आत गेली. ओवाळण्याबद्दल एक शब्द नाही.

पार्वताबाईंनी मग दिवसभर कंबर मोडेस्तोवर दुसरं दार शोधलं. कुंड्या सरकवल्या, तुळशीमागं पाहिलं, डुगडुगती फरशीसुद्धा उचलून पाहिली. ज्या घरातली एकेक मुंगी त्यांना लांबून दिसे, त्या घरात आज देवळातून आणलेल्या सोडल्या तर औषधाला मुंगी नव्हती. काल घर साफ करताना त्यांनी कुठं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

रविवार उजाडला. ओवाळायला मिळो न मिळो, दिवे तर करायचे, असं ठरवून पार्वताबाई भल्या पहाटे उठल्या. हळद घालून कणीक भिजवली, हात सैल सोडून तूप घातलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, गुळाचा खडाही चुरून घातला. नऊ दिवे वळले. घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे अरुंद बोळात, भिंतीला लागून वाटणाचा जुना दगडी पाटा पडलेला असे, पेरूच्या झाडापासून कोपरा वळलं की लगेच. त्या पाट्यावर दिव्यांचं ताट वाळत ठेवून त्या आंघोळीला गेल्या.

परत आल्या तर ताट काळं.

काळं म्हणजे काठाकाठानं. दोन दिव्यांवर मुंग्या चढल्या होत्या आणि तिसऱ्याकडे निघाल्या होत्या. पार्वताबाईंचा हात आपोआप केरसुणीकडे गेला. इतक्या वर्षांची सवय ती, डोक्याला विचारत नाही. केरसुणी उचलली आणि ती तशीच वर राहिली. पाट्याखालच्या भेगेतून एक दुसरी रांग निघाली होती, ती ताटाकडे येतच नव्हती. ती भिंतीच्या कडेनं धुण्याच्या दगडाकडे चालली होती, आणि प्रत्येक मुंगीच्या तोंडात एक पांढरा दाणा होता. आधी मनात आलं, पोहोचल्या चोरट्या तांदळापर्यंत. पण तांदूळ तर आत, कोठीत होता.

“ओजल!” त्या ओरडल्या. “ओजल वं! धाव लवकर!”

पोरगी झोपेतून उठून तशीच पळत आली. पाठोपाठ रागिणी, बंडू, अर्धी दाढी केलेले नत्थुजी. ओजल पाट्याशी पालथी पडली, भिंग लावलं, आणि एकेक मुंगी निरखू लागली.

“माहे तांदूळ घेऊन कुठं चालल्या वं ह्या?” पार्वताबाईंनी विचारलं.

“तांदूळ नाई ते, आजी,” ओजल म्हणाली. “पोरं हायत त्यायचे. लहान लहान. तिकडं घर खराब झालं ना, म्हून पोरायले घेऊन नव्या घरी चालल्या.” मग ती उठून बसली. तिचे डोळे चमकत होते. “पोरं नेऊन राह्यल्या म्हणजे राणी हाय! आजी, राणी हाय!”

पार्वताबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. आजवर त्यांनी कितीदा अशी पांढरी दाणेवाली रांग पाहिली होती, आणि दर वेळी आपलेच तांदूळ समजून तिच्यावर पाणी ओतलं होतं. त्या दाण्यांना त्या बघत राहिल्या आणि त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, “बाई, मले माहीत नोतं वं. चुकलं माहं.”

 ओजलनं भिंग आजीच्या हातात दिलं. “पाह्य,” म्हणाली. “असं जवळ धर.”

पार्वताबाईंनी भिंग धरलं. एक मुंगी आपल्याहून मोठं पोर तोंडात धरून खडा चढत होती. चढली, घसरली, पण पोर काही सोडलं नाही. दुसरी मागून आली, पोराचं दुसरं टोक तिनं धरलं आणि दोघींनी ते पार केलं. पार्वताबाईंनी खडा बोटानं बाजूला केला.

त्याच अवस्थेत, म्हणजे ओल्या केसांनी, जमिनीवर बसून, नाक पाट्याला लावलेल्या, त्या विहीणबाईंना सापडल्या. अमरावतीची मंडळी सकाळच्याच गाडीनं आली होती. पुढं दार उघडं, घरात कुणी नाही, म्हणून मनकर्णाबाई सांदवाडीपर्यंत आल्या आणि साडीच्या निऱ्या उचलून जागीच थांबल्या.

“अगं बाई! पडल्या काय तुमी?”

“नाई वो, इहीनबाई,” पार्वताबाई भिंगावरचा डोळा न काढता म्हणाल्या. “मुंग्या पाहून राह्यली. डोळे चांगले होतात म्हनतात.”

रागिणीला जोराचा खोकला आला आणि ती तोंडाला पदर लावून आत पळाली.

चार वाजता दीक्षा आणि इतर मैत्रिणी आल्या. पेरूखालचा बेत सांदवाडीत हलला. मुली पाट्याभोवती गोल करून बसल्या, राजगिऱ्याचे दाणे टाकत होत्या आणि भिंगासाठी भांडत होत्या. मनकर्णाबाई आधी स्टुलावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मग हळूहळू त्यांचीही मान पुढं झाली, आणि थोड्या वेळानं त्या नंबर लावून भिंग मागत होत्या. सकाळचं ताट पार्वताबाईंनी मुंग्यांनाच देऊन टाकलं होतं. नवी कणीक भिजवून त्यांनी दुसरे नऊ दिवे केले, लावले, अक्षता-कुंकू मांडलं आणि ताट रागिणीच्या हातात देऊन त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पोरीचा शब्द होता आणि तो मोडायचा नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. 

बंडूनं पाट मांडला. ओजल बसली, तिनं दिवे मोजले. बरोबर नऊ भरले. मग तिनं मान वळवून इकडंतिकडं पाहिलं.

“मम्मी, ते ताट आजीजवळ दे.”

पार्वताबाई पुढं आल्या. ताट घेताना घाईत दिव्यातलं तूप सांडलं. त्या वाकणार तेवढ्यात ओजलनं हात आडवा केला.

“थांब. पहिले तिले.”

“कोनाले?”

ओजलनं पाट्याखालच्या भेगेकडे बोट दाखवलं. “राणीले. ते बाहेर येत नाई ना. तिले इथूनच ओवाळ.”

मुली खुसखुसल्या. पार्वताबाईंनी एकदा विहीणबाईंकडे पाहिलं, एकदा नत्थुजींकडे. नत्थुजींनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि मुंडी हलवली. मग त्या बाईनं, जिनं उभा जन्म मुंग्यांना पाणी पाजलं होतं, दुखरा गुडघा जमिनीला टेकवला. रांगेच्या वाटेत येणार नाही असं बघून भेगेच्या वर भिंतीला कुंकवाचं बोट लावलं. नऊ दिवे तीनदा ओवाळले. आणि चिमूटभर अक्षता भेगेच्या तोंडाशी ठेवल्या.

एक मुंगी आली. एका दाण्याभोवती फिरली, तो उचलला आणि आत घेऊन गेली. या खेपेला तो खरोखर पार्वताबाईंचाच तांदूळ होता.

“नेला!” दीक्षा ओरडली, आणि साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मनकर्णाबाईंनी सगळ्यात जोरात.

ओजल पाटावर सरसावून बसली. तिनं कपाळ पुढं केलं.

“हं, आजी, लाव.”

पार्वताबाईंनी लावलं. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे कुंकू जरा तिरपं लागलं.